विषाणूला जात नसते, मरणाला असते

लेकराला जुलाब लागले की आमच्या वस्तीत पहिले वाक्य ठरलेले असते : "दात येत असतील." दुसऱ्या दिवशी "दृष्ट लागली." तिसऱ्या दिवशी टाळू खोल जाते, डोळे आत जातात आणि मग हिंगोलीच्या दवाखान्याकडे धावाधाव सुरू होते. औंढा असो, सेनगाव असो की कळमनुरी. ही धावाधाव आम्हाला नवी नाही. म्हणून याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे.

हे दात नव्हेत, दृष्टही नव्हे. याच्या मुळाशी बऱ्याचदा रोटाव्हायरस असतो. तो १९७३ साली मेलबर्नमध्ये रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. आपल्या देशात २००५ ते २००९ या काळात रुग्णालयांतून पाहणी झाली, तेव्हा जुलाबाने दाखल झालेल्या लहान मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुलांत तो सापडला.

हा विषाणू बहुरूपी आहे. त्याचा जनुकीय मसाला ११ तुकड्यांत असतो. दोन वेगळे प्रकार एकाच पेशीत शिरले की तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच प्रकार जन्मतो. बाहेरच्या दोन प्रथिनांवरून शास्त्रज्ञ त्याला 'जी' आणि 'पी' क्रमांक देतात. जनावरांतील विषाणूचे तुकडेही माणसाच्या विषाणूत मिसळतात. भारतीय लस ज्या विषाणूपासून बनली तो दिल्लीच्या नवजात बालकांत सापडला होता आणि त्याचा एक तुकडा गुरांच्या विषाणूकडून आलेला होता!

डॉ. महाराज किशन भान यांच्या पुढाकाराने घडलेल्या या लसीची २०११-१२ मध्ये दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुणे जिल्ह्यातील वढू येथे सुमारे ६,८०० बालकांवर चाचणी झाली. पहिल्या वर्षात रोटाव्हायरसचे गंभीर जुलाब सुमारे ५६ टक्क्यांनी घटले. श्रीमंत देशांत अशा लसी ८५ टक्क्यांहून अधिक काम करतात. हा फरक का? विषाणूचे प्रकार अनेक म्हणून, असे सांगून हात झटकता येणार नाहीत. ही लस एकाच प्रकारापासून बनली, तरी इतर प्रकारांपासूनही संरक्षण देते. कुपोषण आणि आतड्यांचे वारंवार होणारे संसर्ग ही कारणे शास्त्रज्ञच पुढे ठेवतात. म्हणजे लसीचे बळही गरिबीच्या दारात कमी होते!

हा विषाणू अमेरिकेतील लेकरालाही गाठतो. पण मरते ते गरिबाचे लेकरू. कारण त्याच्यापर्यंत जलसंजीवनी वेळेवर पोहोचत नाही.

महाराष्ट्रात २०१९ पासून रोटाव्हायरसची लस सरकारी दवाखान्यात मोफत आहे. ६, १० आणि १४ आठवड्यांना तिचे डोस द्यायचे असतात. पण आमचे बांधव दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. हिवाळा हाच या विषाणूच्या जोराचा काळ. लेकरू फडावरच्या कोपीत आणि लसीचे कार्ड गावात! या लेकरांचा हिशेब कोणाच्या वहीत आहे?

आमच्या मागण्या साध्या आहेत. फडावर आणि वीटभट्टीवर लसीकरण झाले पाहिजे. प्रत्येक वस्तीत आशाताईंकडे जलसंजीवनीची पाकिटे आणि १४ दिवसांच्या झिंकच्या गोळ्या बारा महिने असल्या पाहिजेत. हिंगोलीत २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे; आमच्या लेकरांचे नमुने तेथून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडे नियमित गेले पाहिजेत. शहरातील विषाणूची नोंद होते, मग गावकुसाबाहेरच्या विषाणूची का नको? राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. आम्ही भीक मागत नाही.

आणि आपणही अंगारा-धुपारा सोडला पाहिजे. जुलाब लागताच एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पाकीट विरघळवा, घोट घोट पाजा, अंगावरचे दूध बंद करू नका, दवाखाना गाठा.

बाबासाहेब आणि माता रमाई यांनी पाचपैकी चार अपत्ये लहानपणीच गमावली. राजरत्न १९२६ साली गेला. पुढच्याच वर्षी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर उभे राहिले. त्यांच्या लेकरांनी आज आपल्या लेकरांचे मरण नशिबावर ढकलायचे काय?