मापाऱ्याची मजुरी कोणी द्यावी?

धान्याच्या बाजारात ज्याने चार पावसाळे काढले आहेत, त्यास मापाऱ्याचे महत्त्व सांगावयास नको. काटा कितीही चोख असो. तो धरणारा हात एकाच पक्षाच्या मिठाला जागणारा असेल, तर दुसरा पक्ष त्या मापावर विश्वास ठेवीत नाही. मापारी ना विकणाऱ्याचा, ना घेणाऱ्याचा. तो बाजाराचा असावा लागतो. ही जुनी गोष्ट आज आठवण्याचे कारण असे, की देशातील पाणी व हवा यांचे माप घेणारी जी प्रदूषण नियंत्रण मंडळे आहेत, त्यांची मजुरी कोणी द्यावी, हा प्रश्न आम्हांस सभासद बंधुभगिनींसमोर मांडावयाचा आहे.

१९७४ साली जलप्रदूषणाचा कायदा झाला व त्यान्वये केंद्रीय मंडळ आणि राज्यांची मंडळे स्थापन झाली. १९८१ साली हवेसाठी कायदा आला. पुढे १९८४ च्या डिसेंबरात आपल्याच राज्याच्या राजधानीत, भोपाळात, विषारी वायूने एका रात्रीत हजारो संसार उद्ध्वस्त केले, तेव्हा १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा करणे भाग पडले. कायद्यांची उणीव राहिली नाही. उणीव राहिली ती कायदा चालविणाऱ्या हातांची व त्या हातांना पोसणाऱ्या पैशाची.

१९७७ च्या एका कायद्याने कारखाने व नगरपालिका यांच्या पाणीवापरावर उपकर बसविला होता. तो केंद्राकडे जमा होई व त्यातील मोठा वाटा राज्य मंडळांना परत मिळे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, त्या वेळी हा उपकर रद्द झाला. व्यापाऱ्याच्या डोक्यावरचा एक कर गेला म्हणून आपण समाधान मानले. पण मंडळांच्या वहीतील जमेची एक बाजूही त्याबरोबर पुसली गेली. आता राज्य मंडळांचा पुष्कळसा खर्च संमतिपत्रांच्या शुल्कातून चालतो. म्हणजे ज्याची तपासणी करावयाची, त्याच्याच पैशावर तपासनिसाने जगावयाचे! तशात, देशभरच्या मंडळांतील जवळजवळ निम्मी पदे रिकामी असल्याचे २०२४ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे उघड झाले.

केंद्राने पैसा ठेवलाच नाही, असेही नाही. २०२४-२५ च्या अंदाजपत्रकात प्रदूषण नियंत्रणाच्या योजनेसाठी ८५८ कोटी रुपये दाखविले होते. परंतु वर्ष सरत आले तरी त्यातील एक टक्काही खर्ची पडला नव्हता, हे संसदेच्या स्थायी समितीने मार्च २०२५ मध्ये निदर्शनास आणिले. कारण काय, तर योजना पुढे चालू ठेवण्यास मंजुरीच मिळालेली नव्हती! वहीत रक्कम मांडावी आणि गल्ल्याची किल्ली मुनिमास देऊ नये, अशा दुकानाचा कारभार आपल्यापैकी कोणी चालवील काय?

आम्हांस ठाऊक आहे, की मंडळाचे नाव काढताच आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाळी आठ्या पडतात. ‘एक तपासनीस कमी, तेवढा त्रास कमी’ हा विचार आमच्याही मनात एके काळी येत असे. परंतु आपल्या जिल्ह्यातील भातगिरण्यांकडे पाहून तो बदलला. एक गिरणीमालक तूस जाळणाऱ्या भट्टीच्या धुराड्याला राख अडविणारे यंत्र बसवितो, उसन्या तांदळाचे सांडपाणी निवळून मगच सोडतो. दुसरा रात्री नाल्यात सोडून मोकळा होतो. दुसऱ्याचा तांदूळ स्वस्त पडतो व पहिला बाजारात मागे राहतो. तपासणी दुबळी असली म्हणजे दंड प्रामाणिक माणसास होतो. आणि कचेरीत माणसेच नसली म्हणजे संमतिपत्राचा कागद महिनोन् महिने पडून राहतो, तोही प्रामाणिकाचाच.

शिवाय या व्यवहारात एक पक्ष काट्यापाशी हजरच नसतो. आपली वैनगंगा शिवनी जिल्ह्यात उगम पावून बालाघाटवरून गोंदिया-भंडाऱ्याकडे जाते. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे तिलाच मिळते व गोसीखुर्दच्या जलाशयात साचते. खालच्या काठावर पाणी भरणारी बाई वरच्या काठावरील गिरणीमालकास ओळखत नाही. पाणी तर राज्याची सीमाही ओळखत नाही. म्हणून राज्यांच्या मंडळांवर केंद्राचे मंडळ सबळ हवे, आणि त्याचा खर्च सर्वांच्या तिजोरीतून व्हावयास हवा.

आपल्या धर्माने पाणी, वायू व पृथ्वी यांच्या ठायी जीव मानिला. श्रावकास वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत वनांस आग लावणे व तळी-सरोवरे आटविणे यांची गणना केली. घरी पाणी गाळून पिणाऱ्याने नदीत घाण सोडावी, यासारखी विसंगती नाही. व्रत घरी पाळावे आणि दुकानी विसरावे, हा धर्म नव्हे.

म्हणून आमची नम्र सूचना अशी, की आपल्या संस्थेने ठराव करून शासनाकडे तीन गोष्टी मागाव्यात. मंडळांना सरकारी तिजोरीतून निश्चित व वेळेवर अनुदान मिळावे. रिकामी पदे भरावीत. आणि शुल्क व दंड यांचा जमाखर्च दरवर्षी लोकांपुढे मांडावा. व्यापाऱ्यांनीच आपली तपासणी सबळ करण्याची मागणी करावी, हे कोणास विचित्र वाटेल. परंतु ज्याचे माप खरे आहे, त्यास मापाऱ्याचे भय कसले? खोट्या मापाच्या बाजारात सचोटीचा व्यापारी फार काळ टिकत नाही, हे आपल्या वाडवडिलांनी जाणले होते. आपणही ते जाणून पुढील सभेत याचा विचार करावा, एवढीच विनंती.