एका दिवसाची सहल : अंबरनाथचें शिवालय

मागील अंक हातीं पडल्यावर एका वाचकभगिनीनें विचारलें आहे, “सुट्टीच्या दिवशीं मुलांना घेऊन कोठें जावें? एका दिवसांत परत येतां यावें, खर्च बेताचा असावा आणि मुलांच्या पदरीं कांहीं पडावें.” या प्रश्नाचें उत्तर मी आज देणार आहें, पण तें देतांना स्वतःच्या एका जुन्या चुकीची कबुलीही द्यावी लागेल. वाचकांनीं दोन्ही गोष्टी सारख्याच भावानें घ्याव्या.

माझें वास्तव्य चाळीस वर्षांहून अधिक काळ बदलापुरास आहे. तेथून अंबरनाथ अवघें एक स्टेशन. तेथील शिवालयांत मी किती वेळां गेलों याची गणती नाहीं. परंतु गेलों तो महाशिवरात्रीस किंवा श्रावणी सोमवारीं. रांगेंत उभा राहिलों, पायऱ्या उतरून गाभाऱ्यांत गेलों, बेल वाहिला आणि मिळेल त्या गाडीनें परतलों. ज्या भिंतींमुळें हें देऊळ देशोदेशींच्या विद्वानांना ठाऊक झालें, त्या भिंतींकडे पाठ करून मी रांगेंत उभा राहत असें! यंदा पौषांत, गर्दीचा दिवस मुद्दाम टाळून, चिरंजीव, सूनबाई आणि दहा वर्षांचा नातू यांच्यासह सकाळच्या लोकलनें निघालों. अंबरनाथ स्टेशनाच्या पूर्वेस सुमारें दोन किलोमीटर गेलें कीं वालधुनीच्या कांठीं देऊळ लागतें.

देवळाचा काळ त्याच्याच शिलालेखांत कोरलेला आहे : शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०. उत्तर कोंकणांत राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्यांतील छित्तराज आणि त्याचा भाऊ मुम्मुणि यांचीं नांवें या वास्तूशीं जोडलेलीं आहेत. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं हा शक ७८२ असा वाचला होता. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तोच लेख पुन्हां तपासून ९८२ असा निर्णय दिला. एका अंकानें दोनशें वर्षांचें अंतर पडलें! थोरांचें वाचनही दुसऱ्यांदा पाहावें लागतें, मग आमच्यासारख्यांची कथा काय?

म्हणून माझी पहिली सूचना अशी कीं, येथें प्रदक्षिणा दोन घालाव्या. एक देवासाठीं आणि दुसरी भिंतींसाठीं. या भिंती सपाट नाहींत. कोनामागून कोन काढून त्या पुढें-मागें केलेल्या आहेत आणि त्या कोनांवर मूर्ति बसविल्या आहेत. त्यामुळें उन्हाची तिरीप फिरेल तसतशी एक मूर्ति उजळते आणि शेजारची सावलींत जाते. देऊळ पश्चिमाभिमुख असल्यानें मागची भिंत सकाळीं पाहावी, दर्शनी बाजू दुपारनंतर. पौष-माघांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळें दक्षिणेच्या भिंतीवर चांगलें ऊन येतें आणि उत्तरेची भिंत सावलींत राहते. तिच्यावर मध्यान्हींचें ऊन पडतें तें मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत, आणि त्यांतले बरेच दिवस पावसाळी ढग खाऊन टाकतात. शिखर ‘भूमिज’ पद्धतीचें आहे. म्हणजे चारी बाजूंस खालून वर गेलेले चार रुंद पट्टे आणि मधल्या जागेंत इवल्या शिखरांच्या ओळी. सिन्नरचा गोंदेश्वर ज्यांनीं पाहिला असेल त्यांना ही जात चटकन् ओळखूं येईल. येथील शिखराचा वरचा भाग मात्र आज नाहीं.

दुसऱ्या प्रदक्षिणेंत नातू एका मूर्तीपुढें थबकला. “आजोबा, ह्यानें डोक्यावर चादर कां ताणून धरली आहे?”

मीं पाहिलें, आणि क्षणभर माझ्या तोंडून शब्द निघेना. ती चादर नव्हती. हत्तीचें कातडें होतें. हत्तीचें रूप घेतलेल्या गजासुराला मारून शंकरानें त्याचें कातडें पांघरलें, ती कथा समोर उभी होती.

आतां ती कबुली. वरच्या वर्गांतील हुशार मुलांना शाळा सुटल्यावर मी मेघदूत शिकवीत असें. उज्जयिनीस महाकालाच्या मंदिरावर संध्याकाळच्या लालीनें रंगलेल्या मेघानें थांबावें, म्हणजे नृत्याच्या वेळीं शंकराला हत्तीच्या ओल्या कातड्याची उणीव भासणार नाहीं, असें कालिदासानें सुचविलें आहे. एका वर्षीं एक अबोल मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, तें कातडें ते धरतात कसें? ढगासारखें कसें दिसत असेल?” मी म्हणालों, “समासाचा विग्रह सांगितला ना? बस खालीं.” मुलें हंसलीं. तो मुलगा त्यानंतर वर्षभर कधीं प्रश्न विचारावयास उठला नाहीं. खरी गोष्ट ही कीं, त्याचें उत्तर मला येत नव्हतें, आणि तें कबूल करण्याचें धैर्य मला झालें नाहीं. तें उत्तर एका स्टेशनावर साडेनऊशें वर्षें उघड्यावर उभें होतें! दोन हात वर करून ताणलेलें तें कातडें मस्तकामागें कमानीसारखें पसरलेलें पाहिलें, आणि कवीला मेघ कां आठवला तें मला साठीनंतर कळलें.

उघड्यावर उभें आहे, याचा दुसरा अर्थही ध्यानांत घ्यावा. हा काळा पाषाण कठीण खरा, पण कोंकणचा पाऊस त्याहून चिवट आहे. कित्येक मूर्तींचे चेहरे झिजून गेले आहेत, कित्येकींचे हात नाहींत. १८६८ सालीं मुंबई सरकारनें येथील शिल्पांचीं चित्रें आणि साचे करविले, तेव्हांच त्यांची काळजी वाटूं लागली होती. आज मंदिर केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखालीं आहे. पण शेजारची वालधुनी कारखान्यांच्या सांडपाण्यानें काळवंडली आहे, तिचें दर्शन मुलांना टाळतां येणार नाहीं. टाळूंही नये. पूर्वजांनीं काय ठेविलें आणि आपण काय ठेवीत आहों, हे दोन्ही धडे तेथें शेजारीं शेजारीं आहेत.

तर भगिनींनीं डबा, पाणी आणि मुलांसाठीं एक वही बरोबर घ्यावी. मूर्तींना हात लावूं देऊं नये. मुलांना नांवें आधीं सांगूं नयेत. काली, ब्रह्मदेव, नाचणारा शिव हे त्यांचे त्यांना शोधूं द्यावे. आणि मुलानें असें कांहीं विचारलें कीं ज्याचें उत्तर आपणांस येत नाहीं, तर ‘मला ठाऊक नाहीं, आपण मिळून पाहूं’ एवढें म्हणावें. हीं सहा अक्षरें, ‘मला ठाऊक ना’ एवढींही, माझ्या तोंडून त्या दिवशीं निघालीं असतीं तर बरें झालें असतें.

तो विद्यार्थी आतां पन्नाशीकडे झुकला असेल. हें सदर त्याच्या घरीं वाचलें जात असल्यास त्यानें एकदां सवडीनें बदलापुरास यावें. आपण सकाळच्या गाडीनें जाऊं. तुझ्या प्रश्नाचें उत्तर मला सांपडलें आहे, बाळ. उशीर झाला, हा अपराध माझा.