शेवटच्या रांगेत कोण बसणार?

तिशी जवळ आली की आपल्या जनरेशनला दोन आजार हमखास होतात. पहिला पाठदुखी, सौजन्य ऑफिसची खुर्ची. दुसरा एसयूव्ही. पहिल्यावर निदान मलम तरी आहे. दुसऱ्याची लक्षणं अशी : पेशण्ट सिग्नलला शेजारच्या उंच गाडीकडे टक लावून बघतो, लंच टाइममध्ये सेकण्डहॅण्ड गाड्यांचे फोटो चाळतो आणि रात्री अकराला बायकोला झोपेतून उठवून स्पितीचे व्हिडीओ दाखवतो.

आमच्या घरात हा ताप जिजूंना चढला. त्यांचं लॉजिक सिंपल होतं. आम्ही सात जण : आई, बाबा, ताई, जिजू, सहा वर्षांची भाची, दोन वर्षांचा भाचा आणि अस्मादिक. नवीन फॉर्च्युनर घ्यायची तर तीस लाखांच्या वर, म्हणजे 'गाडी की फ्लॅट' असा सवाल. जुनी घेतली तर दहा लाखांत भलीमोठी गाडी दारात. सात लाख जिजूंचे आणि तीन लाख बाबांच्या ग्रॅच्युइटीतले. बाबांनी छत्तीस वर्षं नोकरी केली आणि सगळ्या सुट्ट्या एसटी आणि सेकण्ड क्लासने काढल्या. आता त्यांना कोकण स्वतःच्या गाडीतून बघायचंय आणि एकदा तरी हिमालय. त्यामुळे हे तीन लाख म्हणजे नुसते पैसे नव्हते.

आता मी फ्रीलान्सर, म्हणजे घरच्यांच्या मते रिकामटेकडी. 'तू जरा रिसर्च कर गं' म्हणत हे काम माझ्या गळ्यात पडलं. दोन महिने गॅरेजं, डीलर आणि आरटीओच्या एजंटांबरोबर चहा पिऊन जे काही हाती लागलं, ते तुमच्यासाठी.

आधी सीटिंग अ‍ॅरेंजमेण्ट

गाडी बघायला गेलं की सगळे पुरुष बोनेट उघडतात. बॉस, आधी मागचा दरवाजा उघडा! सेव्हन सीटर म्हणून विकल्या जाणाऱ्या गाडीत सातवा माणूस कुठे बसतो ते बघा. जुन्या स्कॉर्पिओसारख्या काही गाड्यांमध्ये मागे समोरासमोर बसायच्या आडव्या सीट्स यायच्या. लग्नाच्या वऱ्हाडाला ठीक आहे, पण ताम्हिणीच्या वळणांवर मुलांना तिथे बसवायचं? अजिबात नाही. तोंड पुढे असलेली सीट, खांद्यावरून येणारा तीन पॉइण्टचा बेल्ट आणि डोक्यामागे हेडरेस्ट, एवढं तिसऱ्या रांगेत नसेल तर ती गाडी तुमच्यासाठी फाइव्ह सीटर आहे. लहान मूल असेल तर चाइल्ड सीट अडकवायला आयसोफिक्सचे हूक आहेत का, तेही दुसऱ्या रांगेत हात घालून बघा.

दुसरा फण्डा डिकीचा. तिसरी रांग उघडली की बऱ्याच गाड्यांत उरते ती दोन लॅपटॉप बॅगांची जागा. सात माणसांचं चार दिवसांचं सामान मग टपावर जातं, गाडीचं वजन वर सरकतं आणि वळणावर ती डुलायला लागते. आम्ही प्रत्येक टेस्ट ड्राइव्हला दोन रिकाम्या सूटकेस घेऊन गेलो. डीलर हसले. हसू दे.

आणि हो, घरी जाऊन पार्किंग मोजा. फॉर्च्युनरची लांबी ४,७९५ मिलिमीटर आहे. सोसायटीतल्या तुमच्या पिवळ्या पट्ट्यांच्या आत एवढी गाडी मावते का, हे दहा लाख दिल्यावर कळण्यात काही अर्थ नाही.

फोर बाय फोर हवीच का?

इथे जिजूंचं आणि माझं कडाक्याचं भांडण झालं. त्यांना फोर बाय फोरच हवी होती. मी विचारलं, कशासाठी? कोकणात गुळगुळीत नाहीतर खड्ड्यांचा, पण शेवटी रस्ताच असतो. तिथे लागतो तो ग्राउण्ड क्लिअरन्स आणि चांगले टायर. त्यावर जिजू म्हणाले, 'बीचवर घालता येईल.' दर वीकेण्डला कोकणातल्या कुठल्यातरी किनाऱ्यावर एक महागडी गाडी भरतीच्या पाण्यात अडकते आणि गावकरी ती ट्रॅक्टरने ओढतात, हे आपण टीव्हीवर बघतोच. त्यातल्या बऱ्याच फोर बाय फोर असतात. वाळू आणि खारं पाणी यांच्यापुढे लोगो चालत नाही. शिवाय किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी असते आणि केसही होते.

बर्फात, चिखलात, ओढ्यातून खरंच जाणार असाल तर फोर बाय फोर जरूर घ्या. पण जुन्या गाडीत ती सिस्टीम वर्षानुवर्षं वापरलेलीच नसते. टेस्ट ड्राइव्हला कच्च्या रस्त्यावर ती लावून बघा. लो रेंज पडते का, आवाज येतो का, डॅशबोर्डवरचा दिवा पेटून तसाच राहतो का. ती चालत नसेल तर तुम्ही फक्त जास्तीचं वजन आणि जास्तीचं डिझेल विकत घेताय.

तसाच सवाल चासिसचा. फॉर्च्युनर, एण्डेव्हर, स्कॉर्पिओ या लॅडर फ्रेमवाल्या गाड्या. खराब रस्त्यावर दणकट, पण मागच्या रांगेत धक्के जास्त. एक्सयूव्ही ५००, एक्सयूव्ही ७०० आणि २०२१ची नवी सफारी या मोनोकॉक, म्हणजे कारसारख्या बांधणीच्या. हायवेवर आणि घाटात बसणाऱ्याला जास्त सुखाच्या. आईला गाडी लागते, त्यामुळे हा मुद्दा आमच्याकडे टेक्निकल नव्हता, कौटुंबिक होता.

स्वस्त का आहे, ते विचारा

एखादी गाडी बाजारभावापेक्षा लाख-दोन लाखांनी खाली दिसली की खुश होऊ नका. कारण शोधा.

कारण नंबर एक : दिल्ली पासिंग. एनजीटीच्या २०१५च्या आणि सुप्रीम कोर्टाच्या २०१८च्या आदेशांमुळे दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर गदा आली. २०२५मध्येही या विषयावर कोर्टात घडामोडी चालूच होत्या. त्यामुळे तिकडच्या टकाटक डिझेल गाड्या कमी भावात बाहेरच्या राज्यांत येतात. गाडी वाईट असते असं नाही. पण मूळ आरटीओची एनओसी, आपल्याकडचा रोड टॅक्स आणि नवा नंबर हे सगळं धरून हिशेब करा. एनओसी हातात पडण्याआधी टोकन देऊ नका.

कारण नंबर दोन : कंपनी गेली. फोर्डने सप्टेंबर २०२१मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. एण्डेव्हर चालवायला झक्कास आहे आणि सर्व्हिस-पार्ट्स देत राहू, असं कंपनीने तेव्हाच सांगितलं होतं. तरी तुमच्या शहरात सर्व्हिस सेण्टर कुठे आहे आणि पार्ट यायला किती दिवस लागतात, हे फोन करून विचारा. ट्रिपच्या आदल्या आठवड्यात गाडी पार्टसाठी अडली तर अ‍ॅडव्हेंचर तिथेच संपतं.

कारण नंबर तीन : वय. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. २०१२ची गाडी आज घेतलीत तर तुमच्या हातात थोडाच काळ उरतो. पुढे फिटनेस करून रिन्यू करता येतं, पण एप्रिल २०२२पासून त्याची फी सहाशेवरून पाच हजार झाली आणि आपल्या राज्यात १५ वर्षांनंतर पर्यावरण करही लागतो.

आणि कारण नंबर चार : पाणी. ते आम्ही डोळ्यांनी बघितलं. चिंचवडकडच्या एका डीलरकडे पांढरीशुभ्र, चकचकीत गाडी होती. २०१६चं मॉडेल, मीटरवर ६२ हजार किलोमीटर. 'डॉक्टरची गाडी आहे साहेब, सिंगल हॅण्ड. फक्त क्लिनिक आणि घर.' जिजू पार विरघळले. टोकनचे पंचवीस हजार खिशातच होते. मी आमच्या गॅरेजवाल्या काकांना दोन हजार रुपये देऊन सोबत आणलं होतं. त्यांनी इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही. मागच्या सीटचा बेल्ट धरला आणि शेवटपर्यंत ओढला. वरचा भाग काळाभोर, खालच्या हातभर पट्ट्यावर मातकट डाग. मग त्यांनी मॅट उचललं, सीटच्या रुळांवर बोट फिरवलं. गंज. माझ्याकडे बघून म्हणाले, 'ताई, ही गाडी पोहून आलीय.'

डीलर म्हणाला, पावसात काच उघडी राहिली असेल. असेल बुवा. पण महाराष्ट्रात २००५ची मुंबई, २०१९चं कोल्हापूर-सांगली आणि २०२१चं चिपळूण झालंय. पुरातल्या गाड्या पुसून, पॉलिश करून कुठे जातात याचा विचार करा. त्यांचं इंजिन चालतं, दगा देते ती वायरिंग, आणि तीही सहा-आठ महिन्यांनी. एअरबॅगचे कनेक्टर त्याच वायरिंगवर असतात. एअरबॅग उघडेल की नाही याची खात्री नसलेली गाडी, आणि तिच्यात आपली सात माणसं. परतताना जिजू स्वारगेटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

काकांची पाच मिनिटांची तपासणी

गाडी थंड असतानाच स्टार्ट करा. डीलरने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडून बघा, भकाभक धूर येत असेल तर नमस्कार करून निघा.

मीटरवर विश्वास नको, रबरावर ठेवा. साठ हजार किलोमीटरच्या गाडीचे ब्रेक-क्लचचे पेडल झिजून गुळगुळीत नसतात. गाडीचा नंबर देऊन ऑथराइज्ड सर्व्हिस सेण्टरमधून हिस्ट्री मागवा, दर सर्व्हिसचा मीटर त्यात असतो.

टायरवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी छान दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर बदलायच्याच लायकीचा, आणि स्टेपनी बघायला विसरू नका. जुन्या डिझेल इनोव्हा-फॉर्च्युनरमध्ये टायमिंग बेल्ट साधारण दीड लाख किलोमीटरला बदलतात. बदलल्याचं बिल मागा.

एप्रिल २०२०नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेवर पळावी लागते. तुमचं ऑफिस घरापासून पाच किलोमीटर असेल आणि गाडी रोज तेवढीच चालणार असेल तर डिझेलचा विचार परत करा.

कागद

फॉर्म २९ आणि ३० ट्रान्सफरचे. गाडीवर लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. सगळी थकीत चलनं डील फायनल करण्याआधी विकणाऱ्याकडून भरून घ्या. इन्शुरन्स चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. त्याचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तो तुम्हाला मिळत नाही. जुना फास्टॅग बंद करायला लावा. १ एप्रिल २०१९च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी नंबर प्लेट आहे ना तेही बघा.

घासाघीस करायला एक मुद्दा फुकटात देते. २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या एसयूव्हींवरचा कर ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला. नवीन गाडी स्वस्त झाली, तर जुनीचा भाव त्याआधीचाच कसा?

बाबांचा प्रश्न

एका रात्री बाबांनी वही काढली. म्हणाले, 'वर्षातून किती दिवस जाणार आपण?' जिजूंची रजा, मुलीची शाळा धरून आकडा आला पस्तीस. मग हिशेब मांडला. दहा लाखांची गाडी पाच वर्षांनी पाच लाखांना विकली तर वर्षाला एक लाख गेले. इन्शुरन्स, सर्व्हिस, टायर मिळून पाऊण लाख धरा. पावणेदोन लाख भागिले पस्तीस, म्हणजे दिवसाला पाच हजार. डिझेल वेगळं. एवढ्यात ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी येते की नाही, ते तुमच्या गावच्या ट्रॅव्हल्सवाल्याला विचारा.

घरात शांतता. जिजूंचा चेहरा बघवत नव्हता. मग बाबाच म्हणाले, 'एक काम करू. जी घ्यायची आहे तीच दोन दिवस भाड्याने आणू. सगळे बसू.'

हा या कॉलममधला सगळ्यात उपयोगी सल्ला, आणि तो माझा नाही. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची सेल्फ-ड्राइव्ह गाडी आणली आणि श्रीवर्धनला गेलो. जिजूंची ड्रीम कार! तिसऱ्या रांगेत आई आणि मी. ताम्हिणीत आईने दोनदा गाडी थांबवायला लावली. बाबांना दर वेळी चढताना दाराचं हॅण्डल धरून दम घ्यावा लागला. परत येताना जिजूंनी स्वतःहून सांगितलं, 'आई, तुम्ही पुढे बसा.' आणि ते स्वतः तिसऱ्या रांगेत, गुडघे हनुवटीला लावून पुण्यापर्यंत आले.

त्या रविवारनंतर त्यांची लिस्टच बदलली. घेतली शेवटी एक, एमएच १२ पासिंगची, एका मालकाची, टू व्हील ड्राइव्ह, साडेआठ लाखांत. काकांनी सगळे बेल्ट ओढून बघितले. फुटबोर्ड बुटका आहे, तिसऱ्या रांगेत एसीची झोत आहे, रंग जिजूंना अजून आवडलेला नाही. उरलेल्या दीड लाखांत टायर बदलले आणि बाकीचे बाबांनी हिमालयासाठी बाजूला ठेवलेत.

मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. तुमच्या गाडीत शेवटच्या रांगेत कोण बसणार, ते मला कुठे ठाऊक आहे? त्या माणसाला या शनिवारी टेस्ट ड्राइव्हला घेऊन जा. आणि जाताना सूटकेस विसरू नका.