चढ नकाशात दिसत नाही

युरोपला निघालेल्या घरात गरम कपड्यांवर खल होतो, व्हिसाच्या कागदांवर होतो, बरोबर मेतकूट न्यायचं की नाही यावरही होतो. राहायचं कुठे, हा प्रश्न मात्र एका शब्दात निकालात निघतो. ‘सेंटरला!’ परदेशातला मुलगा किंवा जावई नकाशावर मधोमध दिसणारं स्वस्तातलं घर बघून पैसे भरतो आणि विषय संपतो. खरं तर सहलीतले सगळ्यात दमलेले तास त्या घराच्या वाटेवर जाणार असतात.

लिस्बनचंच बघा. नकाशावर जुनं शहर तळहाताएवढं दिसतं. प्रत्यक्षात ते टेकड्यांवर चढलेलं आहे, आणि दोन ठिकाणांमधलं पाचशे मीटर अंतर कधी फिरायला निघाल्यासारखं सरतं, तर कधी गडाच्या पायऱ्यांसारखं छातीवर येतं.

मधला सपाट भाग म्हणजे बायशा. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपाने, पाठोपाठ आलेल्या लाटांनी आणि आगीने तो उद्ध्वस्त झाला. राजाचा मंत्री मार्केस द पोंबाल याने तो काटकोनात पुन्हा वसवला. सरळ रस्ते, एका साच्यातल्या इमारती आणि भिंतींच्या आत भूकंपाचा हादरा झेलणारा लाकडी सांगाडा. रस्त्यांची नावं सोनारांची, चांदीवाल्यांची, चांभारांची. चालायला इथे त्रास नाही, मेट्रो हाताशी आहे. पण शेजार म्हणाल तर पर्यटकांचाच. जेवणाचे फोटो लावलेले फलक, आत बोलावणारे वेटर आणि आठवणवस्तूंची दुकानं. पहिल्यांदा जाणाऱ्याने दोन-तीन रात्री राहावं, इतपत ठीक.

पूर्वेला किल्ल्याच्या उतारावर आल्फामा. भूकंपातून बराचसा वाचलेला हा भाग फोटोत सगळ्यात देखणा दिसतो. वाळत घातलेले कपडे, फादो ही इथली गाणी गाणाऱ्यांच्या खानावळी, वळणावळणाच्या पायऱ्या. मन तिथेच गुंततं. पण गल्ल्या इतक्या अरुंद, की टॅक्सी बऱ्याचदा खालीच सोडते. पुढे तुम्ही, तुमची बॅग आणि चुनखडीच्या चौकोनी तुकड्यांची फरसबंदी. कोरडी असताना ती बॅगेची चाकं खिळखिळी करते, पावसात पाय घसरवते. वर पोचल्यावर पत्त्यात ‘3.º एश्केर्दु’ लिहिलेलं असतं, म्हणजे तिसरा मजला, डावीकडचं दार. जुन्या इमारतीत लिफ्ट असेलच असं नाही. आणि 12 जूनच्या रात्री इथे असाल, तर झोप विसरा. शहराच्या लाडक्या संत आंतोनिओचा उत्सव, गल्लोगल्ली सार्डिन भाजण्याचा धूर, पहाटेपर्यंत गाणी. तेवढ्यासाठीच गेलात तर आल्फामासारखी जागा नाही.

बाइरु आल्तुबद्दल फार लिहायला नको. दिवसा पेंगणारी ही वस्ती रात्री जागी होते आणि बारमधली गर्दी पेला हातात घेऊन रस्त्यावर उभी राहते. पंचविशीत असाल तर जा.

मोरारीया आणि त्याला लागून असलेलं इंतेंदेंत इथे मात्र जरा थांबायला हवं. अमली पदार्थ आणि वेश्याव्यवसाय यांमुळे इंतेंदेंत एके काळी बदनाम होतं. 2011 मध्ये महापौर आंतोनिओ कोश्ता यांनी आपलं कार्यालयच त्या चौकात हलवलं. वडिलांकडून मडगावच्या घराण्यातले आणि घरात ‘बाबुश’ म्हणून ओळखले जाणारे हे कोश्ता 2015 मध्ये पोर्तुगालचे पंतप्रधान झाले. आज तिथे कॅफे आहेत, आणि शेजारच्या बेंफर्मोझु रस्त्यावर बांगलादेशी, भारतीय, नेपाळी दुकानांत डाळ, पीठ, मसाले सगळं मिळतं. शाकाहारी माणसाला याचं मोल सांगायला नको. तेव्हा ‘तो भाग चांगला नाही’ असं कुणी सांगितलं, तर तो माणूस तिथे शेवटचा कधी गेला होता तेही विचारा.

मग वयस्कर जोडप्याने, किंवा लहान मूल बरोबर असलेल्यांनी राहावं कुठे? माझं उत्तर ठरलेलं आहे. मेट्रोची हिरवी लाइन धरा आणि आरोइउश किंवा अलामेदाला उतरा. विमानतळावरून लाल लाइन थेट अलामेदाला येते. तिथून हिरवी लाइन मार्तीं मोनीझ, रोसियु, बायशा-शियादु करत नदीकाठच्या काइश दु सोद्रेला जाते. जवळच्या सिंत्रा गावाची रेल्वे रोसियुहून सुटते, समुद्रकाठच्या कश्काइशची काइश दु सोद्रेहून. म्हणजे बघायच्या बहुतेक जागा एकाच लाइनच्या टोकाशी लागतात. आणि संध्याकाळी परतता तेव्हा खाली बेकरीत शेजारपाजारची माणसं पाव घेत असतात, शाळेची मुलं दप्तरं घेऊन घरी चाललेली असतात. ज्याला भेटायला आलात ते शहर खरं तर इथेच भेटतं.

शहराच्या पश्चिमेचं बेलें बघायला अवश्य जा. वास्को द गामाची कबर तिथल्या जेरोनिमुश मठात आहे. पण मुक्कामाला ते लांब पडतं. एक्स्पो 98 साठी उभारलेला पार्क दश नासोंइश सपाट आणि प्रशस्त आहे, पण तिथे जुनं लिस्बन नाही.

चढावर उपायही आहेत. बायशा-शियादु स्थानकातले सरकते जिने तुम्हाला टेकडीवरच्या शियादुत नेऊन सोडतात. फांकेरुश रस्त्यावर तर किल्ल्याच्या बाजूला चढवणारी महापालिकेची मोफत लिफ्ट आहे. असे मार्ग हॉटेलच्या जाहिरातीत सापडत नाहीत. पत्ता ठरवताना ते आपणच शोधायचे.

आणखी एक गोष्ट. आल्फामा, मोरारीया, बाइरु आल्तु इथली कित्येक घरं पर्यटकांच्या भाड्यासाठी गेली आणि मूळ रहिवाशांना बाहेर पडावं लागलं. म्हणून 2018 मध्ये महापालिकेने या भागांत अशा घरांची नवी नोंदणी थांबवली. असं घर भाड्याने घेणार असाल, तर जाहिरातीत नोंदणी क्रमांक आहे ना, एवढं बघा. नसेल तर दुसरं घर शोधा. माणशी रात्रीला 4 युरो शहराचा पर्यटन करही खर्चात धरा.

बुकिंग करणाऱ्याला तीनच प्रश्न विचारा. लिफ्ट आहे का? मेट्रोपासून घरापर्यंत चढ किती? रात्री खिडकीखाली काय चालतं? उत्तरं आली नाहीत, तर पैसे भरू देऊ नका, मग तो जावई असला तरी.