परसांतील वनस्पति : हाडसांधी

विलायती बागकामाच्या पुस्तकांत ‘कॉम्फ्री’ या झाडाची वाखाणणी वाचून, तें नागपुरास लावावें कीं काय, असें कित्येक गृहिणी विचारतात. युरोपांतील ओलसर, थंड जागेंत वाढणारें हें झाड; त्याच्या पानांचें खत उत्तम होतें, आणि मोडलेल्या हाडावर त्याचा लेप देण्याची तिकडे जुनी चाल आहे. परंतु त्यांत यकृतास अपाय करणारीं द्रव्यें असतात. म्हणून अमेरिकेच्या औषध-खात्यानें २००१ सालीं तें पोटांत घेण्याचे पदार्थ बाजारांतून काढण्याचा सल्ला दिला. शिवाय मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर चढणाऱ्या आपल्या गांवीं तें जगविणें म्हणजे विहिरीच्या पाण्याचा अपव्ययच.

त्याच कीर्तीचा हाडसांधीचा वेल आमच्या परसांत आहे. संस्कृतांत यास अस्थिशृंखला म्हणतात. चौधारी, पेरापेरांचा, अगदीं सांखळीसारखा. दोन-तीन पेरांचें कांडें तोडून चार दिवस सावलींत सुकूं द्यावें, मग लावावें. आपल्या काळ्या मातींत पाणी तुंबून मुळें कुजतात. यास्तव कुंडींत निम्मी रेती घालावी व पाणी बेतानेंच द्यावें. कोंवळ्या कांड्यांची चटणी होते. मात्र त्यांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असल्यामुळें हातांस तेल लावून चिरावीं, आणि चिंच घालून नीट परतावीं. नाहींतर घसा खाजतो.

आतां आमची चूक सांगतों. पांच वर्षांपूर्वीं आमच्या आत्याबाई मोरीच्या दारांत घसरून पडल्या. मनगट सुजलें. आम्हीं मोठ्या विश्वासानें याच वेलाचा लेप बांधला. आठव्या दिवशीं सूज उतरली, आणि आम्हीं आपल्या वैद्यकीवर खूष झालों. तिसऱ्या आठवड्यांत क्ष-किरणांचें चित्र काढलें, तेव्हां हाड वांकडें सांधल्याचें दिसलें. आजही आत्याबाईंना कणीक मळतां येत नाहीं. त्यांनीं आम्हांस एका शब्दानेंही बोल लाविला नाहीं, हेंच अधिक जड वाटतें.

हाड जुळविण्याचें काम शरीर स्वतःच करितें. पण तें सरळ जुळावें म्हणून आधीं जागेवर बसवून स्थिर ठेवावें लागतें. तें काम कोणत्याही लेपाचें नव्हे. सूज उतरली म्हणजे हाड शाबूत आहे असेंही नव्हे. या वेलाच्या गुणांविषयीं माणसांवर झालेले प्रयोग थोडे व लहान आहेत. तेवढ्यावर भिस्त ठेवूं नये.

वेल अवश्य लावावा. पण घरांत कोणी पडलें, तर प्रथम रुग्णालयाची वाट धरावी. चटणी मागाहून वाटतां येईल.