वजनकाटा आणि वसतिगृहाचं फाटक



नवं शैक्षणिक वर्ष सुरू झालं की आमच्या गटाला मुलींच्या वसतिगृहांमधून बोलावणी येतात. विषय 'मुलींचे आरोग्य' असा मोघमच असतो. यंदा एका ठिकाणी आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलींना नाव न घालता चिठ्ठ्या लिहायला सांगितल्या. बहुतेकींचा प्रश्न एकच होता : "इथे आल्यापासून वजन वाढतंय, काय करू?" एका चिठ्ठीत मात्र प्रश्न नव्हता. "रात्रीचं जेवण बंद केलंय. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते," एवढंच होतं.

हे संपादकीय त्या चिठ्ठीसाठी आहे.

वजनाची काळजी म्हणजे नटवेपणा, असं आम्ही मानत नाही. घर सोडलेल्या मुलीचं खाणं, झोप, हालचाल सगळंच एकदम बदलतं. सकाळच्या तासाच्या घाईत नाश्ता बुडतो, मग अकरा वाजता वडापाव नाहीतर चहा-बिस्किटं. मेसमध्ये बटाटा, भात आणि डाळ शोधावी लागेल अशी आमटी. रात्री जागून अभ्यास आणि नूडल्स. गावी शाळेची पायपीट असे, घरकाम असे. इथे वर्ग, वाचनालय आणि खोली. यात वजन वाढलं तर तो मुलीचा गुन्हा नव्हे.

पण ती गुन्हाच मानते, कारण तिला तसंच शिकवलं गेलंय. दिवाळीत घरी आलेल्या मुलाची 'तब्येत सुधारते', मुलगी मात्र 'जाड होते', आणि लगेच तिच्या लग्नाची चिंता सुरू होते. मग ती स्वतःला शिक्षा करते. शिक्षा एकच, जेवण तोडायचं.

ही शिक्षा कोणत्या शरीराला होते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. वजन जास्त म्हणजे पोषण पुरेसं, हाही गैरसमज आहे. अंगानं भरलेल्या मुलीचंही रक्त कमी असू शकतं.

म्हणून काट्यावर उभं राहण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते १२ ग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टरांना विचारून लोहाच्या गोळ्या घ्या. सकाळी काही खाल्ल्याशिवाय बाहेर पडू नका. मूठभर शेंगदाणे-फुटाणे किंवा राजगिऱ्याचा लाडूही चालेल. घरून डबा येणार असेल तर चिवड्याबरोबर अळिवाचे लाडू मागवा. उसळीवर, पालेभाजीवर लिंबू पिळा, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं. जेवणाला लागून चहा नको, तो लोह अडवतो. कमी करायचंच असेल तर तळण, बिस्किटं आणि शीतपेयं कमी करा, पोळी-वरण नव्हे. झोप सात तास तरी हवी. झटपट बारीक करणाऱ्या पावडरींच्या वाटेला जाऊ नका. पाळी दोन-तीन महिने चुकली किंवा वजन एकाएकी वाढलं-घटलं, तर डॉक्टरांकडे जा.

प्रौढ माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण मुलींनी चालायचं कुठे? संध्याकाळी तास संपतात, मैदानावर मुलांचं क्रिकेट रंगतं आणि सातला मुलींच्या वसतिगृहाचं फाटक बंद होतं. मुलांच्या वसतिगृहाचं फाटक उघडंच. २०१५ साली दिल्लीतल्या विद्यार्थिनींनी 'पिंजरा तोड' म्हणत अशा नियमांना आव्हान दिलं. तेव्हा वाद झाला तो मुख्यतः स्वातंत्र्याचा आणि सुरक्षिततेचा. आम्ही त्यात आरोग्याचीही भर घालू इच्छितो. मुलीला कोंडून ठेवायचं आणि वर तिच्या वजनाला नावं ठेवायची, हा कुठला न्याय?

मेसचंही तेच. "मुली कमीच खातात हो," असं एका मेसचालकानं आम्हाला सहज सांगितलं. पैसे मात्र त्या पूर्ण भरतात.

तेव्हा एकएकटीनं उपाशी राहण्यापेक्षा एकत्र येऊन मागण्या करा. मेस समितीत मुली हव्यात. रोजच्या ताटात वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ हवी, दही हवं. खाणाऱ्यांना अंडं हवं. मैदानावर रोज एक तास मुलींचा हवा, तिथे दिवे हवेत आणि तोवर फाटक उघडं हवं. तुमच्या वसतिगृहात यातलं काय मिळालं, कशासाठी भांडावं लागलं, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात छापू.

आणि ती चिठ्ठी लिहिणाऱ्या मैत्रिणीला एवढंच सांगायचंय : आज रात्री जेव. शेजारच्या खोलीतलीही कदाचित उपाशीच झोपत असेल. तिलाही हाक मार.