दान आणि न्याय

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे २५ जुलै २०२४ रोजी निधन झाले. उस्मानाबाद येथे जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, 'सुवार्ता' मासिकाचे संपादक आणि 'सुबोध बायबल'चे कर्ते म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. त्यांची निवड झाल्यावर काही मंडळींनी त्यांचा धर्म पुढे करून गदारोळ केला, तोही पुष्कळांच्या स्मरणात असेल. परंतु पालघर जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी त्यांचे स्मरण ठेवावे ते वेगळ्या कारणासाठी. श्रद्धा आणि सामाजिक न्याय यांचा संबंध कसा लागतो, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी वसईच्या विहिरींच्या काठावर उभे राहून दिले.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बांधकामासाठी खुला होऊ लागला. केळी, पानवेली आणि फुले पिकविणाऱ्या वाड्यांखालचे पाणी टँकरवाले उपसून नव्या इमारतींना विकत होते आणि विहिरी खाऱ्या होत चालल्या होत्या. एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा, आणि तोट्याची नोंद कोणाच्याही वहीत नाही, असा हा व्यवहार. त्याला राजकीय आश्रय होता आणि त्याची दहशतही होती. अशा वेळी एका धर्मोपदेशकाने 'हरित वसई संरक्षण समिती'च्या मोर्चाचे नेतृत्व करावे, ही गोष्ट लहान नव्हे. समितीचा विषय पाणी हा होता, पंथ नव्हे. म्हणून हिंदू शेतकरी तिच्यात संकोचाशिवाय आला. उलटपक्षी वाडी विकणारा आणि वाडी राखू पाहणारा पुष्कळदा एकाच चर्चमध्ये प्रार्थनेला बसत. म्हणजे दिब्रिटोंना परक्यांइतकेच स्वकीयांविरुद्धही उभे राहावे लागले. धर्मगुरूची खरी अडचण येथेच असते.

दान देणाऱ्या धर्मगुरूची कोणालाच अडचण होत नाही. शाळा, दवाखाना, अनाथाश्रम यांना जमीनदारही देणगी देतो. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये मजुरांच्या प्रश्नावर परिपत्रक काढले तेव्हापासून कॅथलिक चर्च न्याय्य वेतनाची भाषा बोलत आले. परंतु दारिद्र्य हे काही माणसांनी उभारलेल्या व्यवस्थेचे फळ आहे, ही गोष्ट स्पष्टपणे मांडली ती लॅटिन अमेरिकेतील धर्मगुरूंनी. पेरूच्या गुस्ताव्हो गुतिएरेझ यांचा मुक्तीच्या धर्मशास्त्रावरील ग्रंथ १९७१ सालचा. पुढे १९७४-७५ मध्ये येशूसंघाच्या महासभेने न्यायाचा पाठपुरावा हा श्रद्धेच्या सेवेचाच अविभाज्य भाग ठरविला.

रोममधील तो ठराव तलासरी-डहाणूच्या रानापर्यंत पोचायला फार वेळ लागला नाही. पीटर डिमेलो नावाचा येशूसंघीय तरुण पुढे संघाबाहेर पडला आणि प्रदीप प्रभू या नावाने आदिवासींत राहिला. १९७८ मध्ये कष्टकरी संघटना उभी राहिली. वनजमीन कसणाऱ्या आदिवासीचा हक्क केवळ सरकारी कागदावर ठरवू नये, यासाठी ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली. २००६ च्या वनहक्क कायद्यामागे ज्या लढ्यांची पुण्याई आहे त्यांत हाही आहे. या संघटनेकडे उजव्यांनी धर्मांतराच्या संशयाने पाहिले, यात नवल नाही. डाव्यांनीही तिच्याकडे मिशनचे पिल्लू म्हणून पाहिले, हे मात्र शोभणारे नव्हते. आणि न्यायाचे काम पुढे नेण्यासाठी त्या तरुणाला संघाबाहेर पडावे लागले, याचे उत्तर चर्चने द्यावयाचे आहे.

बायबलच्या जुन्या करारात नाबोथाची कथा आहे. त्याचा द्राक्षमळा अहाब राजाच्या वाड्याला लागून होता. राजाला तेथे भाजीचा मळा करावयाचा होता. राजा आरंभी जुलमी नव्हता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याने रोख किंमत किंवा बदल्यात अधिक चांगला मळा देऊ केला होता. आजच्या भाषेत त्याच्याजवळ पुनर्वसनाचे पॅकेज तयार होते. वाडवडिलांची जमीन विकणार नाही, असे नाबोथ म्हणाला. मग राणीने खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथाला दगडांनी ठेचून मारण्यात आले. एलीया संदेष्टा राजापुढे जाऊन उभा राहिला तो त्यानंतर.

तारापूरच्या माणसाला ही कथा समजावून सांगावी लागणार नाही. १९६९ मध्ये येथे देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीपायी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. घराला घर आणि शेताला मोबदला, हा हिशेब मांडता येतो. परंतु मासेमारी करणाऱ्याची खाडी, जाळी सुकविण्याची पुळण, बोंबील वाळत घालण्याच्या वलांडी यांचा सातबारा नसतो. मोबदला मिळतो तो मालकीला. वहिवाटीने मिळणाऱ्या उपजीविकेला अर्थशास्त्राने किंमतच लावलेली नाही. तिकडे बोईसरच्या कारखान्यांत कंत्राटी कामगार स्फोटात मरतो, आणि कारखानदारांच्या सामाजिक निधीतून शाळांना वह्या वाटल्या जातात. जुन्या देणगीचाच हा नवा अवतार आहे, आणि दुर्दैवाने त्याच्या समारंभाला आपल्यातलेही काही पुढारी हजर असतात.

आता पाळी वाढवणची आहे. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये येथील बंदराला नकार दिला होता. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये संमती दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पायाभरणी झाली. बंदराचा खर्च शहात्तर हजार कोटींहून अधिक धरलेला आहे. बाधितांच्या याद्या करताना होडीचा मालक धरला जाईल. त्याच्या होडीवरचा खलाशी, मासळी सोलणारी आणि डोक्यावर पाटी घेऊन डहाणूच्या बाजारात बसणारी बाई धरली जाईल काय? ही गणती गावोगाव कार्यकर्त्यांनी स्वतः करावी लागेल. त्या कामात एखादा पाद्री, एखादा वारकरी, एखादा मौलवी येऊन बसला तर त्याच्या झग्याकडे न पाहता त्याला वही द्यावी.